यंदा कोठीत कोण उतरलं

प्रिय पोरी,

गहू भरला. हे पहिल्याच ओळीत लिहिते, नाहीतर तू सगळं सोडून आधी शेवट वाचशील. कोठी शिगोशीग भरली, झाकण लिंपलं आणि मी ठणठणीत आहे. तेव्हा हॉस्पिटलात टाकलेला रजेचा अर्ज मुकाट्याने मागे घे.

दर सुगीला तू धावतपळत येतेस, आणि मी तुझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की तुझं उत्तर ठरलेलं, की आई, मग तुमचा गहू कोण भरणार? जसं काही मी त्या गव्हावाचून दुसरं काही खातपीतच नाही! पण तुझी धास्ती मला कळते गं. माझा लेक गेला त्या वर्षी आपण दोघींनी पीक कसंबसं गोळा केलं. धड वाळलं नव्हतं, त्यात उन्हातून उचललेलं तसंच गरम गरम कोठीत ओतलं. पुढे झाकण उघडलं तर पत्र्याला आतून घाम फुटलेला, कुबट वास, आणि वरचा सगळा थर गोळा होऊन बसलेला. त्या दिवशी तू हमसून हमसून रडलीस. तो गेल्यापासून तुला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. तेव्हापासून ना कोठी तू कुणाच्या भरवशावर सोडलीस, ना मला.

आता यंदाची गंमत ऐक. शेजारच्या सुतारभाऊंनी कामाला गडी पाठवतो म्हणून कबूल केलं होतं. सकाळी मी अंगणात ताडपत्री अंथरत होते, तर फाटकाशी एक लंबू उभा. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट. मी त्याला तिथेच झापलं, की लग्नाला निघाल्यासारखा नटून काय आलास, बूट काढ आणि दंताळं उचल. तो काहीतरी सांगू बघत होता, पण मी कुणाला बोलू देते होय! बिचाऱ्याने बाह्या वर केल्या आणि लागला कामाला.

तुला म्हणून सांगते, असला अडाणी गडी मी उभ्या जन्मात पाहिला नाही. गहू पसर म्हटलं तर मध्ये हा एवढा ढीग. खालचा दाणा वाळायचा कधी? शेवटी मीच दंताळ्याने सऱ्या ओढून दाखवल्या, आता उभ्या, जरा वेळाने आडव्या, म्हणजे वारा आतपर्यंत फिरतो. हात असे मऊ की दुपारपर्यंत फोड आले. शिंका तर अशा देत होता की कोंबड्या पार परसात पळाल्या. पण तोंडातून कुरकुरीचा शब्द नाही. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासलं, वर माझंही घासलं. दाणा चावून बघायला शिकवलं त्याला. आधी दाताखाली नुसताच दबायचा. दुपार कलताना कट्‌कन वाजला, तेव्हा असा खूश झाला की मलाच हसू आलं.

मग गहू पडवीत आणून गार व्हायला पसरला. ढिगात हात घातला तर कोमटसुद्धा लागता कामा नये, हे दोनदा बजावलं. तोवर कोठी झाडून घ्यायची होती. आत उतरायचं काम एरवी तुझं. मागे एकदा मी उतरायला गेले आणि कमरेशी अडकले, तेव्हा मला ओढायचं सोडून तू पोट धरून हसत बसली होतीस, विसरले नाहीये मी. लंबू मात्र अंगाची घडी घालून उतरला. जुना भुसा, मेलेले किडे, सगळं झाडून काढलं. मग मी वरून झाकण लावलं आणि म्हटलं, आता अंधारात कुठून उजेड येतोय ते बघ. भोक दिसलं की तो आतून काडी बाहेर काढायचा आणि मी बाहेरून लांबी भरून ते बुजवायची. तळाशी, पत्र्याच्या जोडात, एक भोक त्याला असं सापडलं जे आपल्याला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मला तर वाटतं, ओल तिथूनच शिरत असणार. उगीच आपण दोघी स्वतःला दोष देत बसलो.

दिवेलागणीला गहू अगदी गार झाला, तेव्हा भरला. मी पाट्या भरून देत होते, तो ओतत होता. झाकण लिंपून आम्ही पायरीवर चहा पीत बसलो, तोच सुतारभाऊ आले आणि म्हणाले, माफ करा, गडी तापाने पडलाय, उद्या पाठवतो. मी लंबूकडे बघतच राहिले. कान लाल करून त्याने सांगितलं, की तुमच्या हॉस्पिटलासमोर त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्याने तुला लग्नाचं विचारलंय, आणि तू नाही म्हणालीस ती माझ्यापायी. तो इथे आल्याचं तुला ठाऊक नाही. आईंना एकटं न सोडता काय करता येईल, एवढंच मला विचारायला आला होता. पोरी, त्याला चार दिवस थांब म्हटलं आणि आज तुला लिहायला बसले. तू दूर जाशील याची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण माझ्या मागे तू या घरात एकटीच ताट वाढून घेशील, त्याची त्याहून जास्त वाटते. माझा लेक मी विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस. तरी याला हो म्हण. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, लग्नात मी मुलीकडची. पुढच्या रांगेत बसणार, आणि ही कोण म्हणून कुणी विचारलं, तर तू सांगायचंस.

तुझीच,
आई