पहिल्या रांगेच्या पुढची खुर्ची

१२ जाने., रविवार
अण्णांना नाटकाला नेलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिल्यांदाच. न्यायलाच नको होतं असं लिहिणार होते, पण तेही खरं नाही.

नाट्यगृहाच्या पायऱ्यांपाशीच खोळंबा. वडील चाकाच्या खुर्चीत, समोर पायऱ्या, बाजूला शोभेच्या कुंड्या. उतार कुठेच नाही. कुंड्यांना जागा आहे. रिक्षावाले सलीमभाई म्हणाले, "ताई, आमी उचलतो, तुमी फकस्त पर्स सांभाळा." दोघा-तिघांनी खुर्चीसकट वर नेलं. लोक बघत होते. अण्णांनी डोळे मिटून घेतले. कारखान्यातली टाइमकीपरची ड्यूटी संपली की हा माणूस धावत इथे यायचा आणि विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करायचा. नट अडकला की वाक्य द्यायचं. जन्मभर तेच केलं.

आत खुर्चीला जागा नाही. मधल्या वाटेत ठेवली तर रस्ता अडतो. शेवटी पहिल्या रांगेच्याही पुढे, स्टेजला खेटून ठेवली. तिथेच घात झाला.

नाटक त्यांच्याच जुन्या ग्रुपचं. सतीशने नव्या मुलांना घेऊन परत बसवलंय. शेवटी मुलगा घर सोडून निघतो आणि बाप गप्प उभा राहतो. बापाचं काम ओंकार करतो. तो पॉज फार सुंदर घेतो म्हणे. घेतला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि आमचे अण्णा, खणखणीत आवाजात, "पाणी तरी पिऊन जा!"

हशा. शिट्ट्यासुद्धा. ओंकारचं पुढचं वाक्य तेच. त्याला ते परत म्हणावं लागलं, मग आणखी हसले.

अण्णांना कळेना, लोक का हसतायत. नट अडकला, त्यांनी वाक्य दिलं.

१३ जाने., सोम.
काल लिहायचं राहिलं ते हे. झटका आल्यापासून अण्णांना शब्द सापडत नाहीत. 'चहा' म्हणायला घाम फुटतो. माझं नाव व... व... आणि मग नुसता हात हलवायचा. आणि काल अख्खं वाक्य, न अडखळता, पूर्वीच्या आवाजात.

डॉ.ना फोन केला. म्हणाले, पाठ असलेलं असं येतं कधी कधी, आरत्या येतात, पाढे येतात. होतं असं.

त्यांच्यासाठी होतं असं. मी मोरीत नळ सोडून रडले.

१६ जाने., गुरु.
सतीश आला. चहा झाला, हवापाणी झालं, मग, "वसूताई, राग मानू नका." म्हणजे राग येण्यासारखं काहीतरी.

२ तारखेला पुन्हा प्रयोग आहे. बाहेरची मंडळी बघायला येणार, पुढचे प्रयोग त्यावर ठरणार. तर शेवटच्या प्रसंगाआधी मी अण्णांना बाहेर घेऊन बसावं.

"जेवायला बोलवायचं आणि पंगतीतून उठवायचं?" मी म्हणाले.

मान खाली घालून बसला. वाईट नाही तो. ओंकार त्या दिवशी मेकअप न काढताच घरी गेला म्हणे. त्याचंही खरंच आहे.

विंगेत बसवू का विचारलं. "विंगेकडे लोखंडी जिना आहे ताई. आणि आता आम्ही प्रॉम्प्टर ठेवतच नाही."

हे सगळं अण्णांच्या समोर. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असंच धरून चालतात लोक. मीसुद्धा.

१९ जाने., रवि.
सतीशने रेकॉर्डिंग पाठवलंय. अण्णांना शिकवायला बसले. पॉज आला की मी हात दाबणार, त्यांनी गप्प राहायचं.

हात दाबला. "पाणी तरी पिऊन जा."
परत लावलं. तेच.
पुन्हा लावलं, तर हात झटकला.

मग माझाच तोल गेला. ओरडले, "तो विसरलेला नाही अण्णा! मुद्दाम थांबलाय!" असे बघत राहिले, जणू मी काही भलतंच बोलले. त्यांच्या लेखी नट थांबला म्हणजे संकट. मुद्दाम कोण थांबेल? जन्मभराची सवय मी एका रविवारात मोडायला निघाले होते. आणि मोडली तर? ते एक वाक्यच तर उरलंय त्यांच्याकडे.

हे सतीशला सांगता येत नाही. सांगितलं तर आणखी रडायला येईल.

२४ जाने., शुक्र.
ऑफिसला उशीर. डबा, पर्स, किल्ल्या... शेजारच्या मावशींना अण्णांकडे बसवून चपला घालत होते. मागून स्वच्छ, "पाणी तरी पिऊन जा."

वळून बघितलं. माझ्याकडेच बघत होते. नाटकातलं बोलले की मला म्हणाले? दोन्ही असेल.

उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायले. बस गेली. जाऊ दे.

२८ जाने., मंगळ.
सतीशचा फोन. शनिवारी तालमीला आणा, तिथे अण्णा हवं तितकं बोलू देत. कल्पना ओंकारची. तो पॉज घेऊन थांबणार, वाक्य अण्णा देणार, मग तो म्हणणार. गुणी मुलगा. मी उगीच त्याच्या नावाने बोटं मोडली.

अण्णांना सांगितलं. बराच वेळ झगडून म्हणाले, "ता...लीम." मग मान आडवी हलवली. "ना...टक." आणि डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

तिसरी घंटा. तालमीला घंटा नसते.

तरी नेणार आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं.

१ फेब्रु., शनि.
तालीम शाळेच्या हॉलमध्ये. पायरी नाही, खुर्ची सरळ आत. एवढंसं हवं असतं. ओंकार पाया पडला. "आजोबा, अडकलो की सांगायचं हं."

शेवटचा प्रसंग. ओंकार थांबला. सगळे अण्णांकडे बघायला लागले, चहावालासुद्धा किटली धरून उभा.

अण्णा बोलले नाहीत.

ओठ घट्ट मिटलेले. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. ओंकार वाट बघत राहिला. शेवटी त्यानेच वाक्य म्हटलं, तर त्याचाच आवाज फुटला. मागे कोणीतरी हळूच, "विसरले." मलाही वाटलं, गेलं. तेही गेलं.

परतताना रिक्षात माझी बाही ओढली.
"ग... गप... बस...लो."
मला आधी कळलंच नाही.
"ने...शील?"

सलीमभाईंनी आरशातून बघितलं. "न्या की ताई. उचलायला आमी हाय ना."

मी नुसती मान हलवली. हो म्हणून की कशी, मलाच आठवत नाही.

२ फेब्रु., रवि., दुपार
सकाळीच सतीशला सांगितलं, अण्णा गप्प बसतील. नक्की ना, त्याने दोनदा विचारलं. मग, "ओंकारशी बोलून कळवतो." फोन अजून नाही.

अण्णांची दाढी केली. पांढरा शर्ट त्यांनीच बोटाने दाखवला. जेवण झाल्यापासून खुर्ची दाराकडे तोंड करून. उठल्यापासून एक अक्षर बोललेले नाहीत. चहा विचारला तरी ओठ दाबून नुसती मान. सराव चाललाय. मीच शिकवलं ना.

मला राहवलं नाही. "अण्णा, मी निघते हं, कोपऱ्यावर जाऊन येते," म्हणाले. काही काम नव्हतं. चपला घातल्या, दारात थांबले. मुद्दाम थांबले. बराच वेळ.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी, पण ओठ मिटलेले.

खाली सलीमभाईंचा हॉर्न वाजतोय, नाटकाला न्यायला आलेत. मी अजून दारातच आहे, वही मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेय.