गोजाबाईंची तक्रार

सोमवार, ३ नोव्हेंबर
सकाळी बार्शीहून एसटीने निघाले आणि दुपारच्या जेवणाला सोलापूरकर झाले! नवी पेठेच्या मागच्या गल्लीत अमरेशदादांचं दुकान, वर माझी खोली. त्यांच्या आई कमलम्मांनी आल्याआल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत दटावून सगळं संपवायला लावलं. दुकानात जुने मोबाइल, लॅपटॉप घेतात. बिरदेवमामा ते दुरुस्त करतात आणि दादा ऑनलाइन विकतात. माझ्याकडे तक्रारी. गिऱ्हाईक चिडलं तरी आपण चिडायचं नाही, आधी सगळं ऐकून घ्यायचं, फोटो मागवायचे, मग वस्तू दुरुस्त करायची की परत घ्यायची ते बघायचं. दादा म्हणाले, दानेश्वरी, तुझा आवाज गोड आहे, निम्मं भांडण तिथंच मिटेल. हे आईला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
कामात रुळले. तक्रारी बहुतेक ठरलेल्या: बॅटरी उतरते, स्क्रीनवर ओरखडा निघाला. आज मात्र टेंभुर्णीच्या गोजाबाईंनी कमाल केली. सुनेच्या फोनवरून बोलत होत्या, इतक्या खणखणीत की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाल्या, "आवो, तुमच्या फोनवर बोलती मी, आन् पुण्यात लेकाला ऐकू येती दुसरीच बाई! ह्यो कसला फोन म्हनायचा?" माइक खराब असेल म्हणून समजूत घातली आणि फोन परत मागवला. ठेवताना म्हणाल्या, पोरी, तू लई ग्वाड बोलतीस की.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गोजाबाईंचा फोन पार्सलने परत आला. राखाडी रंगाचा, कोपरे घासलेला. आधी कुणाचा होता, दादांना आठवत नाही. त्यांचे पैसे परत केले, बिरदेवमामांनी माइक बदलला. लगेच त्याला नवं गिऱ्हाईकही मिळालं, अक्कलकोटकडचे धोंडीराम.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
नीट लिहिते.
सकाळी तक्रारीच्या नंबरवर फोन आला. पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला, गोजाबाई. मी म्हटलं, मावशी, तुमचं तर सगळं मिटलं ना? तर तोच आवाज माझ्यावर भडकला. "मावशी कुनाला म्हनता? मी धोंडीराम बोलतोय! तुमच्याच फोनवरनं बोलतोय. बायकू म्हनती, तुमच्या फोनात कोन बाई बोलती?"
फोन परत पाठवा एवढंच कसंबसं म्हणाले.
मग गोजाबाईंच्या सुनेला फोन लावला. ती रडायलाच लागली. फोन परत धाडल्यापासून सासूबाईंच्या तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. नुसते ओठ हलवतात.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
फोन परत आलाय. धोंडीरामांच्या बायकोने पार्सलमध्ये चिठ्ठी घातली होती: मालक मुके झालेत, हा फोन आमच्या दारात नको.
दादांना दाखवली. ते हसले. म्हणाले, पैसे परत मिळावेत म्हणून लोक काहीही रचतात.
मलाही तेच खरं मानायचं होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यात माझं सिम घातलं आणि आईला लावला. म्हटलं, आई, मी दानू. मग तिने पदर सावरून बोलावं तसं विचारलं, "कोन पावनं बोलताय? दानूचा फोन तुमच्याकडं कसा?"
आईला बाप्याचा आवाज ऐकू गेला.
सिम काढून घेतलं, फोन बंद करून खणात टाकलाय.

शनिवार, २२ नोव्हेंबर
घसा दुखत नाही, पण आवाज विरत चाललाय, ताकात पाणी घालावं तसा. कमलम्मांनी काढा दिला. दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, सकाळी इतकं छान समजावून सांगितलंत म्हणून आभार मानायला.
मी सकाळपासून कुणालाही फोन केलेला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर
आवाज गेला. आरशासमोर "आई" म्हटलं. ओठ हलले, बस. गोजाबाईंसारखे—

सोमवार, २४ नोव्हेंबर
खण रिकामा.
दादांना कागदावर लिहून विचारलं. म्हणाले, शनिवारी संध्याकाळी तूच फोन केलास की! फोन तपासला, ठणठणीत आहे, माझ्या आईला बार्शीला पाठवून द्या म्हणालीस. तुझा आवाज तर अगदी स्वच्छ होता.
पार्सल शनिवारीच गेलं.
दादांनी आईला लावून बघितला. बंद. पुन्हा बंद. मी मेसेज टाकू तरी कसा? आईला वाचता येत नाही—

एसटीत
वैराग गेलं. गाडी का एवढी थांबतेय— दादांचा मेसेज, अजून फोन लावतायत, लागत नाही—
आई अजून त्यावर बोललेली नसू दे. नुसता हातात धरला तर काही होत नसेल— होत नसेल ना—

फोन वाजला. आईचा नंबर. उचलला.
"दानू, मी आई बोलतीय गं. तू धाडलेला फोन मिळाला, लई झ्याक हाय. बोल की, गप का?"
शब्द आईचे.
आवाज माझा.
ती बोलतेच आहे, हसतेय माझ्या आवाजात, आणि मला ओरडायचंय, आई, ठेव, ठेव तो खाली, एक शब्दसुद्धा पुढे—