गोचिडांचं सत्र आणि ओंकारचा चट्टा

६ जुलै २०२१, मंगळवार

सिडनीचा लॉकडाऊन वाढणार हे आता शेंबड्या पोरालाही कळलंय. सकाळच्या मीटिंगमध्ये आमची मॅनेजर ट्रेसी म्हणाली, लसीची मराठी पत्रकं झाली, आता टिक्स घे. टिक्स म्हणजे गोचिडं. जिम बंद, मॉल बंद, म्हणून आपली मंडळी घरामागच्या बुशमध्ये, म्हणजे रानात, शॉर्ट्स आणि स्लिपर्स घालून हिंडतायत आणि चावून घेतायत. सगळं जग नाकात काड्या घालून घेतंय आणि कौन्सिलच्या आरोग्य-शिक्षिका बाई गोचिडांवर स्लाइड्स करणार. बी.फार्म.चं सार्थक झालं.

ओंकार शनिवारी उतरला. निखिलचा धाकटा भाऊ, माझा एकुलता एक दीर. न्यू जर्सीचं प्रोजेक्ट संपलं, तिथला व्हिसाही संपला. इथलं पीआर आहे म्हणून बॉर्डर बंद असूनही येऊ दिलं. सध्या सिटीतल्या हॉटेलात क्वारंटाइन. खिडकी उघडत नाही म्हणे.

१० जुलै, शनिवार

हॉटेलवर पिशवी पोचवली. घरी शिजवलेलं चालत नाही, पाकीटबंद चालतं. चिवडा, मेतकूट, लोणच्याचे पाऊच. निखिलने शेवटच्या क्षणी आत काहीतरी कोंबलं. काय रे? 'काही नाही, त्याने मागवलंय.' भावाभावांचं काही असेल, मी विचारलं नाही.

ओंकारला बारीक ताप. आम्ही घाबरलोच होतो. स्वॉब निगेटिव्ह. हुश्श.

१७ जुलै, शनिवार

आला घरी. दुसरा स्वॉबही निगेटिव्ह, हातात सर्टिफिकेट. आमच्या लेकीने, रेवाने, काकासाठी दारावर वेलकम लिहून लावलं होतं. चेहरा उतरलाय त्याचा. मान आखडली म्हणतो, हॉटेलची गादी. वरण-भात-तूप खाल्लं आणि संध्याकाळी सहालाच झोपला. जेटलॅग तर कधीच संपायला हवा होता.

२८ जुलै, बुधवार

स्लाइड्स. लांब बाह्या, लांब पँट, पँट मोज्यात खोचा. आल्यावर कपडे ड्रायरमध्ये. कानामागे, काखेत, जांघेत बघा. चिकटलेलं दिसलं तर बोटांनी ओढू नका, केमिस्टकडच्या स्प्रेने जागच्या जागी गोठवून मारा.

शेवटची स्लाइड लाइमची, गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराची. इथल्या गोचिडांत लाइम सापडलेला नाही, पण अमेरिका-युरोपातून आलेला माणूस घेऊन येऊ शकतो. पसरत जाणारा लाल चट्टा, फारसा खाजत नाही, ताप, सांधे दुखणं. लवकर सांगितलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. ट्रेसी म्हणाली, बॉर्डर बंद आहे, कोण येतंय परदेशातून? काढून टाक. मी नाही काढली. हट्ट, दुसरं काय.

ओंकारचे गुडघे दुखतायत. 'वहिनी, बसून बसून झालं असेल.' मला वाटतं नोकरी नाही म्हणून मन खातंय त्याला. दुपारी बाराला झोपलेला असतो. निखिलला म्हटलं, त्याच्याशी बोल.

५ ऑगस्ट, गुरुवार

झूमवर सत्र. बरीच मंडळी आली, निम्म्यांचे कॅमेरे बंद, एकांचा कुकर चालू. कॅसल हिलच्या एक काकू: 'आमच्याकडे म्हशीच्या गोचिडाला रॉकेल लावायचे. इथे रॉकेल कुठे मिळतं?' म्हटलं, काकू, रॉकेल नको, तूप नको, उदबत्तीचा चटकाही नको. सगळे हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं.

लाइमच्या स्लाइडवर कुणीच काही विचारलं नाही. वेळही संपत आली होती. पुढच्या खोलीत ओंकार घोरत होता, माइकवर येईल म्हणून मी दार ओढून घेतलं.

१४ ऑगस्ट, शनिवार

नाश्त्याला रेवा म्हणाली, 'मम, काका कीप्स विंकिंग ॲट मी.' आम्ही हसलो. ओंकारही हसला आणि अर्धाच हसला. डावा डोळा मिटतच नव्हता, नुसता उजवा. चहा ओठाच्या कडेने टी-शर्टवर ओघळत होता आणि त्याला कळत नव्हतं.

मला स्ट्रोक वाटला. निखिलने गाडी काढली. इमर्जन्सीत सोबत कुणाला सोडत नाहीत, निखिल कारपार्कमध्ये बसून, मी घरी. संध्याकाळी सोडलं. स्ट्रोक नाही, चेहऱ्याची नस. बेल्स पाल्सी म्हणाले, कुणालाही होते, स्टिरॉइडच्या गोळ्या. देवाचे आभार मानून मी खिचडी टाकली.

१५ ऑगस्ट, रविवार

झोप नाही लागली. ताप, मान, गुडघे, आता चेहरा. सकाळी ओंकारला विचारलं, हॉस्पिटलात सांगितलंस ना न्यू जर्सीहून आलोय? तो म्हणाला, 'दारात विचारलं, गेल्या चौदा दिवसांत परदेशात होतात का? मी नो म्हटलं. खरंच नव्हतो ना वहिनी.' डॉक्टरनेही पुढे काही विचारलं नाही. कोविड नाही म्हटल्यावर सगळ्यांचं समाधान होतं.

अंगावर कुठे चट्टा उठला होता का? ओंकार जमिनीकडे बघायला लागला. निखिल सिंककडे वळला. तेव्हाच मला कळलं, दोघांना काहीतरी माहीत आहे.

हॉटेलात असताना मांडीवर, पार वर, गोल चट्टा. त्याने भावाला फोटो पाठवला. निखिलचं उत्तर, 'गजकर्ण आहे. ट्यूब पाठवतो.' पिशवीत कोंबली ती ट्यूब! पुण्याहून येताना प्रत्येक घराच्या बॅगेत येते ती, बुरशी, खाज, पुरळ, सगळ्यावर एकच. त्यात स्टिरॉइड असतं, वरची लाली दबते, आजार आत राहतो. चट्टा जाईपर्यंत ओंकारने रोज चोपडली.

मी फार बोलले निखिलला. फार्मासिस्ट बायको घरात आणि तू ट्यूब पाठवतोस? तो म्हणाला, 'तो म्हणाला वहिनीला सांगू नको. जांघेतलं वहिनीला कसं सांगणार?' मी साऱ्या सिडनीला झूमवर सांगत होते जांघेत बघा म्हणून. दिव्याखाली अंधार, तोही माझ्याच घरात.

फोटो बघितला. माझ्या स्लाइडवरचा चट्टा आणि हा, शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. रडू आलं. रागाचं की कशाचं, माहीत नाही.

१६ ऑगस्ट, सोमवार

जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचा, फोन-कन्सल्ट. ओंकार स्पीकरवर, मी शेजारी. लाइम म्हटल्याबरोबर डॉक्टर: 'मेट, वी डोंट हॅव लाइम हिअर.' मी मध्ये घुसले. म्हटलं, इथला नाही, न्यू जर्सीचा. जूनमध्ये हा कुठे होता ते विचारा. ओंकार म्हणाला, ऑफिसच्या मित्रांबरोबर जंगलात कॅम्पिंगला. गोचीड दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, 'राइट. सेंड मी द पिक्चर.'

दुपारी त्यांचाच परत फोन. संसर्गरोगांच्या तज्ज्ञांशी बोललेत. रक्त द्या, पण रिपोर्टसाठी थांबू नका, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आजच सुरू करा. वेळेत लक्षात आलं का हे? मी विचारलं. 'अर्लिअर वुड हॅव बीन बेटर,' म्हणाले. भला माणूस, खोटं बोलला नाही.

२६ ऑगस्ट, गुरुवार

गुडघे बरेच बरे. चेहरा तसाच. डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर पट्टी, ती निखिल लावतो. दोघं भाऊ आता माझ्यासमोर जांघेबद्दलही बोलतात. फार उशिरा सुचलं.

ट्रेसीला सांगितलं. लाइमची स्लाइड पहिली कर म्हणाली. मी त्यात दोन वाक्यं घातली. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी गेल्या काही महिन्यांत कुठे होतात ते सांगा. आणि ट्यूब लावायच्या आधी चट्टा दाखवा, कुठेही असला तरी. ओंकारला विचारून घातलं. 'नाव नको घालूस,' एवढंच म्हणाला.

५ सप्टेंबर, रविवार

पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह. पक्क्या तपासणीसाठी रक्त दुसऱ्या लॅबला गेलंय. चेहऱ्याचं काय? डॉक्टर म्हणतात, मोस्ट पीपल रिकव्हर. ओंकारने विचारलं, मोस्ट म्हणजे? त्यांनी पुन्हा मोस्टच म्हटलं. रोज सकाळी तो मला विचारतो, वहिनी, फरक आहे का? मी म्हणते, थोडा. मला खरंच कळत नाही.

नाशिकला सासूबाईंना काहीच सांगितलेलं नाही. ओंकार कॅमेरा बंद ठेवून बोलायचा, नेट खराब म्हणून. आज त्या अडून बसल्या, 'तोंड दाखव, नाहीतर मी फोन ठेवते.' निखिलने सारवासारव करायला घेतली. ओंकारनेच कॅमेरा लावला.

खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'हस बघू.' तो हसला. आम्ही कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतो, सगळे सासूबाईंकडे.

'कुठली बाजू रे? मला इथून उलटं दिसतं.'

'डावी.'

'त्या गालाला खळी पडते तुझ्या,' त्या म्हणाल्या.

ओंकारने गालावर बोट टेकवलं. 'इथेच ना, आई?'