विमानाच्या कार्डाची फी

१२ ऑगस्ट २००६
आलंच शेवटी! विमानाच्या क्रेडिट कार्डाचं बिल — वार्षिक फी अडीच हजार. पहिलं वर्ष फुकट म्हणून हुरळून घेतलं होतं.

मयूर हसत सुटला. "नाशकातून धड विमान उडत नाही, आणि बाईसाहेबांकडे कार्ड विमानाचं!" नवरा आहे, हसू दे. अंबडच्या कंपनीसाठी कोलकात्याला, चेन्नईला माल तपासायला मीच जाते ना — पहाटेच्या टॅक्सीने मुंबई गाठून! तिकीट माझ्या कार्डावर, पैसे कंपनी देते, पॉइंट माझे; साठले की फुकट तिकीट. पण अडीच हजार? बंदच करावं.

१५ ऑगस्ट
गुवाहाटीहून नणंदेचा, निकिताचा फोन. तिला दिवस गेलेत! लग्नाला अकरा वर्षं झाली. दृष्ट लागेल म्हणून सातवा लागेपर्यंत बोलली नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी नाही. आणि तिकडे तिला सासूही नाही.

फोन ठेवून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. "लेकीपाशी आई पायजे का नाय?" एवढंच बोलल्या. रेल्वेने अडीच दिवस. त्यांची कंबर कळवणच्या एसटीतसुद्धा टिकत नाही.

१६ ऑगस्ट
कार्डवाल्यांना फोन केला. जाऊन-येऊन फुकट तिकिटाला माझे पॉइंट थोडे कमी पडतात. फी भरली की तेवढे बोनस म्हणून मिळतात. कार्ड बंद केलं तर आहेत तेही बुडाले! रोख तिकीट सध्या झेपणार नाही, मयूरने आपल्या मेडिकलच्या दुकानासाठी नवा फ्रिज घेतलाय.

"आणि पॉइंट वेळेवर जमा नाही झाले तर?" मयूर म्हणाला. खरंय. फीही जाईल आणि बाळंतपणही हुकेल.

१८ ऑगस्ट
मी टूरवर असताना आमच्या लेकाचा, सार्थकचा ताप, सार्थकचा डबा, सार्थकची रडारड — सगळं कुणी काढलं? मी विमानात बसायचे आणि सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बसायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की कशाला जातेस. नाव माझं असेल, पॉइंट त्यांचेच आहेत.

भरली फी!

३० ऑगस्ट
पॉइंट अजून जमा नाहीत.

६ सप्टेंबर
आले! देवा, आले!

सासूबाईंचा विश्वास बसेना. "फुकट? मंग मागून कोन पैसं मागायला आला म्हंजी?" तोंडाने हे, आणि हात डिंक निवडायला लागलेसुद्धा.

२० सप्टेंबर
सासूबाईंना मुंबईला विमानतळावर सोडून आले. नऊवारी, हातात लाडवांचा डबा. दारातून वळून काय म्हणाल्या? "सार्थकला ताक देऊ नको, खोकला हाय त्याला!" टॅक्सीत घोटीपर्यंत रडले. वाईट वाटून नव्हे. इतकं बरं वाटलं ना!

२१ ऑक्टोबर
त्यांच्याविना दिवाळी. अनारसे सगळे तेलात हसले. मयूर आणि सार्थकने चुरा चमच्याने खाल्ला.

३० ऑक्टोबर
मुलगी! दोघी सुखरूप. अडीच हजारांत हे मिळालं! माझ्यासारखी नशीबवान मीच.

२४ नोव्हेंबर
परवा सासूबाई यायच्या होत्या. आज फोन आला. "मोहिनी, निकिताची शाळेतली नोकरी ऱ्हायली पायजे. पोर कोनापाशी ठेवील ती? मी हितंच ऱ्हाते. चालंल ना तुला?" म्हटलं, "चालेल, आई. माझी नोकरी तुम्हीच टिकवलीत की." ऑफिसात सांगून टाकलं, आता टूर नको. कार्डही बंद केलं. फी मात्र वसूल झाली.