गादीत रुतलेला पाय

कोन, ता. भिवंडी
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय तुळजा,

आपली ज्युदोची गादी कितीला पडली असं कोणी विचारलं की मी सांगतो, लूमवर तुटून पडलेल्या सुताचं वेस्ट नऊ गोण्या, ट्रकची जुनी ताडपत्री एक, चार रविवार आणि दाभणाने फोडलेली माझी दोन बोटं. हे सगळं खरं, पण पुरतं नाही. उरलेलं आज लिहितो. पोस्टाच्या भरवशावर सोडण्यासारखं हे नाही. केसरीनाथकाका उद्या पहिल्या एसटीने पुण्याला निघतोय. रविवारी तुझी निवडीची लढत सुरू व्हायच्या आत तो तुला गाठेल. हे वाचल्याशिवाय पोशाख घालू नकोस.

मंगळवारी पुण्याला निघालीस तेव्हा तोंड पाडून होतीस. खांद्यावरच्या फेकीत तुला वळायला उशीर होतो, असं ज्युदोचे सर म्हणाले आणि त्यांच्यामागे मीही म्हणालो. लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून मी वीस वर्षं घासली, आता स्वतःचे बारा लूम आहेत. शाळा सातवीची, पण तरफ आणि टेकू मला कोणी शिकवावे लागले नाहीत. फेकही तीच. समोरचीला आधी ओढायचं. तिचा भार टाचांवरून चवड्यांवर आला की ती निम्मी पडलेलीच असते. मग गर्रकन वळून आपली कंबर तिच्या कमरेखाली घालायची. कंबर झाली टेकू. टेकू खाली राहिला तर साठ किलोची पोरगी आपल्याच भाराने वरून जाते. वर राहिला तर तिला उचलावं लागतं, आणि तिथे जोर संपतो.

वळताना दोन पावलं टेकतात, त्यांचा आवाज लागोपाठ यायला हवा, टप-टप. तुझं दुसरं पाऊल दिवाळीपासून मागे पडत होतं. मी दारात बसून ओरडायचो, आळस करू नको, अजून पन्नास वेळा वळ. बारा लूमच्या खडखडाटात कुठल्याचा बोल्ट ढिला झालाय ते मी डोळे मिटून सांगतो. शेजारच्या कोंडूला तर छाती ठोकून म्हणालो होतो, पोरीच्या पायातलं काही माझ्या कानातून सुटायचं नाही. तो गादीवर लोळत म्हणाला, "शेठ, हिच्यावर म्हस पडली तरी झोप लागंल तिला." मला ते कौतुकच वाटलं.

परवा मी अनवाणी त्या गादीवर उभा राहिलो आणि तुझ्यासारखा वळलो. अंग वळलं, कंबर वळली, चवडा मात्र दोन बोटं रुतून तिथेच राहिला. सगळा पीळ गुडघ्यात आला. माझं एकदाच वळणं, तुझं दसऱ्याला ही गादी अंथरली तेव्हापासून रोज दोनशे वेळा. गादी भरताना मी एवढंच पाहिलं की पडल्यावर तुला लागू नये. पाय फिरायचा तर खालची जागा घट्ट लागते, हे यंत्रात आयुष्य गेलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. तू आळस करत नव्हतीस. गादी तुझा पाय धरून ठेवत होती, आणि ती मी शिवली होती. काल ती उसवून टाकली.

म्हणून सांगतो, रविवारी उतरू नकोस. उजवा गुडघा दुखतोय हे सरांपासून लपवलंस, आता लपवू नको. हेच पत्र त्यांच्या हातात दे. निवड जाईल. दोन वर्षं ज्याच्यासाठी पहाटे उठलीस ते जाईल. राग काढायचा तो माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. महिनाभर तू कठडा धरून, अंग तिरकं करून जिना उतरतेस, हे तुझ्या आईने पाहिलं होतं. तू गेलीस त्या संध्याकाळी मला म्हणाली, "तुमचा कान लूमला हाय, पोरीला न्हाय." मला जिन्यावरचं काहीच ऐकू आलं नव्हतं.

तुझाच,
बाबा