नऊ नावांचा कागद

हिर्विलाम्मी,
गुरुवार, १७ नोव्हेंबर २०१६

प्रिय सिर्का,

आधी खुशाली सांगून टाकते, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. मी ठणठणीत आहे, डावा गुडघा सोडला तर. तळं काठाकाठानं गोठलंय, मध्ये अजून काळं पाणी दिसतं. बर्फ दोनदा पडला आणि दोनदा वितळला. तू बरी आहेस असं मी धरूनच चालते. वाईट काही असतं तर कुणीतरी कळवलं असतंच. निदान सरकारनं.

अक्षराला हसू नकोस. चार हिवाळे शाळा, तीही लढाईतली, त्यात बाई किती आणि बाँबची भीती किती. पण लिहायला बसले की मला थांबवत नाही.

तर बातमी अशी की रविवारी आपलं घर भरलं होतं! पितृदिन होता ना. रायमोला केक मिळाला, मोजे मिळाले, दरवर्षीसारखेच करडे. रायमोचा धाकटा, यार्को, त्याच्या होणाऱ्या बायकोला घेऊन आला. गोड मुलगी आहे, पण मांस खात नाही, अंडं खात नाही, दूध पीत नाही. मी विचारलं, "मग तू चालतेस कशावर गं?" तर म्हणाली, "बटाट्यांवर, आजी." आवडली मला. कात्री, तिचा नवरा, त्यांची दोन लेकरं, रायमो, तूलिक्की आणि मी. नऊ ताटं! किती वर्षांनी टेबलाची मधली फळी बसवली. फळीखाली अजून तुझ्या चाकूची खूण आहे. वडिलांच्या हातचा मार खाल्ला होतास तिच्यासाठी. ते जाऊ दे.

पहाटेपासून पाऱ्या लाटत होते. दोनशे. काळसर पिठाची पारी, आत दुधात शिजवलेला भात, कडेला चुण्या. वरून अंडं कुस्करलेलं लोणी. त्या बटाट्याच्या मुलीसाठी बटाट्याच्या वेगळ्या. तूलिक्की म्हणते, "सासूबाई, दुकानात तयार मिळतात." मी म्हटलं, "तयार सासूही मिळते का बघ." रायमो हसला. तो फार हसत नाही, ते तुला माहीतच आहे. इथल्या हामे मुलखाच्या मातीचा माणूस तो, बापासारखा. दोन शब्द बोलला की भाषण झालं.

आता खरी गंमत. कात्रीला तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या जाण्यानंतर आठ वर्षांनी जन्मली. रायमोची थोरली. शहरात मोठमोठ्या कंपन्यांना शिकवायला जाते. काय शिकवते ते मला अजून नीट कळलं नाही, पण बहुधा हेच की बाबांनो, तुम्हाला नक्की काय हवंय. त्यासाठी तिला बोलावतात. तर ती म्हणाली, "कंपन्या करतात, मग घरानं का करू नये? आपण बसू, आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते लिहू, वीस वर्षांनी कुठं असायचंय ते ठरवू. कुटुंबाची सभा!"

सभा म्हटल्यावर आपली माणसं कशी, तुला ठाऊक आहे. तीन माणसं मासे धरायला गेली तरी आधी अध्यक्ष निवडतील. कात्री अध्यक्ष झाली. यार्को इतिवृत्त लिहायला. मग इतिवृत्त तपासून सही करायला दोघं लागतात, नाही का. रायमो एक, आणि दुसरी कोण? मी! मी म्हटलं, "अगं, मला वाचायलाच अर्धा दिवस लागतो." कात्री म्हणाली, "आजी, फक्त बघायचं, जे बोललं गेलं तेच लिहिलंय ना. तू सगळ्यांत मोठी, तुझी सही हवीच." सर्वानुमते मंजूर. टेबलावर ठोकायला हातोडी नव्हती, तर तिनं माझं पारीचं लाटणंच उचललं. ठक! किती हसलो आम्ही.

खरं सांगते सिर्का, त्या घटकेला मी इतकी सुखात होते. वाटलं, आता मेले तरी चालेल. माणसं माझ्या स्वयंपाकघरात बसून एकमेकांना विचारतायत, तुला काय हवं. आपल्या घरात असं कुणी कुणाला विचारलं होतं कधी?

कात्रीनं सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या, मागे डिंक लावलेल्या. एकेका चिठ्ठीवर लिहायचं, या घरात तुला सगळ्यांत मोलाचं काय. मग भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चिकटवायचं. तूलिक्कीनं लिहिलं 'ऐकून घेणं'. यार्कोनं 'मोकळेपणा'. कात्रीच्या नवऱ्यानं 'सोबत'. रायमोनं खूप वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि 'काम' लिहिलं. मग खोडलं आणि 'शांतता' लिहिलं. मीही लिहिलं. माझे हात पिठाचे होते. मी चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात ठेवली, म्हटलं, भट्टीतली खेप काढते आणि लावते.

मग ध्येयं आली. एक वर्षाची, पाच वर्षांची, वीस वर्षांची. वीस वर्षांनी म्हणजे २०३६ साली आपल्या जमिनीवर पाइनचं जंगल उभं असणार. उतारावरच्या शेतापासून ओढ्यापर्यंत सगळीकडे रोपं लावायची. रायमोची कंबर गेली, गायी तर कधीच गेल्या, आणि मुलांपैकी कुणाला शेत नको. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. कागदावर हिरव्या पेननं झाड काढलं लेकरांनी. छान काढलं. ते उतारावरचं शेत म्हणजे तू ज्यातले दगड वेचलेस तेच. बारा वर्षांची होतीस, ट्रॅक्टरच्या सीटवर उशी ठेवून बसायचीस. दगडांची रास अजून तशीच आहे. शेवाळ आलंय तिच्यावर. तू तिला तुझा गड म्हणायचीस.

एक वर्षाच्या ध्येयात मी आहे. मे महिन्यात मी चर्चजवळच्या वृद्धांच्या घरात जाणार. खोली पाहून आले. चांगली आहे. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, येणारं-जाणारं माणूस दिसतं. स्वयंपाकघर मात्र नाही. तिथल्या बाईला मी विचारलं, "पाऱ्या कुठं लाटायच्या?" ती म्हणाली, "शुक्रवारी कारागिरीचा तास असतो." असो. हे घर बंद होईल. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी घर सोडलेलं आहे एकदा, अकरा वर्षांची असताना, गायीच्या मागून चालत. सरहद्द हलली आणि घर पलीकडे राहिलं. घर सोडायची मला सवय आहे.

इथपर्यंत मी चार वेळा लिहिलंय, सिर्का, आणि चारही वेळा इथंच पत्र संपवलंय. तीन दिवस झाले. आज पुढचं लिहिते.

सगळ्यांत वर एक रकाना होता. 'आमचं कुटुंब'. कात्री म्हणाली, "आधी आपण कोण ते लिहू या. म्हणजे हे कुणासाठी आहे ते स्पष्ट राहतं." आणि भराभर नावं लिहिली. पहिलं माझं, लेम्पी. शेवटी त्या बटाट्याच्या मुलीचंही, अजून लग्नसुद्धा झालं नाही तिचं. ती लाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"नऊ," कात्री म्हणाली. "बरोबर? कुणी राहिलं?"

"बरोबर नऊ," तूलिक्की म्हणाली. "ताटंही नऊच आहेत."

रायमोनं माझ्याकडे पाहिलं. कॉफीचा एक घोट गिळायला लागतो तेवढा वेळ पाहिलं. त्याला आठवलं होतं, सिर्का. एवढं त्याच्या बाजूनं सांगते. तो माझी वाट पाहत होता. मी बोलले असते तर त्यानं मान हलवली असती, मला खात्री आहे.

"कुणाची हरकत?" कात्रीनं विचारलं.

मी म्हणाले, "गरम आहेत तोवर खा."

ठक. मंजूर.

मला कळत नाही मी अशी का आहे. कोंबड्यांशी बोलते, पोस्टमनला अर्धा तास उभं ठेवते, चर्चमध्ये पाद्र्याला मध्ये तोडते. तुझी आजी, तुझ्या बापाची, उर्होची आई, म्हणायची, "तुम्ही सरहद्दीपलीकडच्या कारेलियाची माणसं बोलून बोलून देश घालवून बसलात." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच जेवणाला म्हणाली. तेव्हापासून मी पाऱ्यांबद्दल बोलते, गुडघ्याबद्दल बोलते, हवेबद्दल बोलते. ज्याच्याबद्दल बोलायला हवं ते आलं की जीभ टाळूला चिकटते. आणि इथं गप्प बसलेल्या माणसाचं मत 'होय' असं धरतात.

चौऱ्याहत्तर सालीही हेच टेबल होतं. उर्होनं सांगितलं, शेत रायमोच्या नावे. तो सतरा वर्षांचा, तू बावीसची, दहा वर्षं गायी तूच पिळत होतीस, रायमोला तर गाय पुढून कोणती आणि मागून कोणती हेही धड कळत नव्हतं. उर्होनं विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" तू बापाकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हातात हेच लाटणं होतं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला रोज आठवतं. मी म्हणाले, "पारी फाटतेय."

दुसऱ्या दिवशी तू दुधाच्या लॉरीत बसून गेलीस. मला वाटायचं तू बापावर रागावलीस. तो गेला तेव्हा तुझी फुलं आली, पण पट्टीवर नाव नव्हतं. शवपेटीपाशी सगळ्यांची नावं वाचून दाखवली आणि तुझ्या फुलांपाशी वाचणारा थांबला, काय वाचू म्हणून. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही मी काही बोलले नाही. नंतर बाप नव्हता तरी तू आली नाहीस, तेव्हा मला समजलं की राग त्याच्यावर नव्हताच. तो तर ठरवून वागला. मी काहीच न ठरवता वागले.

सोमवारी यार्कोनं इतिवृत्त पाठवलं. रायमो घेऊन आला. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. सगळं खरं होतं. नऊ नावं. 'आम्ही एकमेकांचं ऐकून घेतो.' रायमोनं सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, "रायमो, एक नाव..." तो म्हणाला, "हं?" मी म्हटलं, "नाव कुठं लिहायचं?" त्यानं बोट दाखवलं. मी केली सही. चांगली आली, वळणदार. त्र्याऐंशी वर्षांत एवढी चांगली कधी आली नव्हती.

तो गेल्यावर मी कात्रीला फोन केला. सांगितलं तिला, सिर्काआत्याचं नाव राहिलं. वाईट मुलगी नाही ती. म्हणाली, "आजी, मी विचारलं होतं ना, कुणी राहिलं का?"

"विचारलं होतंस गं."

"मला वाटलं, तुम्ही तो विषय काढत नाही म्हणजे तुम्हालाच नको असेल. बाबासुद्धा काही बोलले नाहीत. आता सह्या झाल्या. जे बोललं गेलं नाही ते इतिवृत्तात कसं घालणार? पुढच्या सभेत पहिला मुद्दा हाच घेऊ. नक्की."

"पुढची सभा कधी?"

"पाच वर्षांनी."

मी म्हटलं, "बरं." बघ, पुन्हा 'बरं'. पाच वर्षांनी मी अठ्ठ्याऐंशीची होईन, आणि तू एकोणसत्तरची.

तो मोठा कागद अजून भिंतीवरच आहे. मी खिशातली चिठ्ठी काढली आणि 'आमचं कुटुंब'च्या खाली चिकटवायला गेले. घरात कुणी नव्हतं, कुणाची हरकत नव्हती. पण रविवारी तिला पीठ लागलं होतं, डिंक मेला होता. चिकटली नाही. दाबून धरली तोवर राहिली, हात काढला की पडली. तीन वेळा. मग मी तशीच हात दाबून उभी राहिले, गुडघा दुखेपर्यंत. नंतर बसले.

त्या चिठ्ठीवर काय आहे ते तू ओळखलं असशील. एकच शब्द आहे, तोही वाकडा.

तू उत्तर देशील असं मी धरून चालत नाही. पस्तीस नाताळांची कार्डं गेली तुला, पत्ता एक्क्याऐंशी साली तूच पाठवला होतास, त्यानंतर ती फुलं सोडली तर काही नाही. एकही परत आलं नाही, म्हणजे कुणीतरी ती घेतं आहे. मे महिन्यात रस्त्यावरची आपली टपालपेटी काढतील, वर्षाच्या ध्येयांत तेही आहे. त्यानंतर आलेलं पत्र कुठं जाईल मला माहीत नाही.

कार्डांतून मी कोंबड्यांचं लिहिलं, हवेचं लिहिलं. हे आज पहिल्यांदा लिहिते. हरकत होती, सिर्का. त्या दिवशी होती, रविवारीही होती. ती कुठंच नोंदली गेली नाही, म्हणून इथं नोंदते. दोन सह्या लागतात हे मला आता कळलंय. एक मी करते. दुसरीची जागा खाली सोडलीय. जे लिहिलंय ते खोटं वाटलं तर ती तशीच राहू दे.

वाचून पाहिलं. घडलं तसंच आहे.

लेम्पी, तुझी आई

........................