पंगतीतला पाचवा चौकोन

रविवार, २ नोव्हेंबर २०२५
रायपूरला पोचलो आणि पहिल्याच दिवशी पोटभर जेवलो, अजून काय पाहिजे! खोली रामकृष्णकाकांकडे मिळाली. काका रेल्वेतून निवृत्त, मूळचे वर्ध्याचे. घरात ते, विमलाकाकू आणि कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी ज्ञानदा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. दुपारी काकूंनी बाहेरच्या खोलीत चटई अंथरून चौघांची पानं मांडली. "शिशिर, लाजू नको बापा, रोज इथंच जेवायचं," असं बजावलं. मी मोबाईल कपाटाला टेकवला, टायमर लावला आणि धावत येऊन बसलो. फोटोत माझा एक हात अजून हवेतच आहे. उद्यापासून नोकरी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
ऑफिस पंडरीत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'पंगत'. बीरगांवच्या कारखान्यांतल्या कँटीनचा फोटो बघून किती माणसं बसलीत ते मोजायचं, म्हणजे स्वयंपाक्याला ताटांचा आकडा कळतो. ओपन सोर्स आहे, कोणीही कोड उघडून दुरुस्ती पाठवू शकतो. त्या दुरुस्तीनं आधीचं काही बिघडू नये म्हणून चारशे जुने फोटो ठेवलेत, प्रत्येकापुढे माणसानं मोजून लिहिलेला आकडा. कोड बदलला की मशीन सगळे फोटो पुन्हा मोजतं. आकडे जुळले तर हिरवं, एकही चुकला तर लाल.

आमच्या प्रमुख मंजिरीताई. अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली माणसं मोजणीतून सुटतात, ती पकडायचं काम त्यांनी मला दिलं. काकूंना विचारून आमच्या जेवणाचा फोटोही मी कौतुकानं त्या ढिगात घातला. आकडा लिहिला चार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
डोक्याला नुसता ताप! माझी दुरुस्ती झकास चालते. चारशे फोटो बरोबर, आणि लाल कोणता, तर माझाच. अपेक्षित चार, मिळाले पाच. मशीन प्रत्येक माणसाभोवती एक चौकोन काढतं. पाचवा चौकोन माझ्या शेजारी, रिकाम्या चटईवर. फोटो मोठा करून डोळे फुटेस्तोवर पाहिला. चटई आणि मागची भिंत, बाकी काही नाही. दोन दिवस यातच गेले. फोटो काढून टाकावा म्हटलं, तर इथला नियम असा की एकदा ढिगात घातलेला फोटो काढायचा नाही. कोणी केले असले नियम?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आज रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती कारखान्यांना द्यायची, आणि लाल असेल तर रिलीज नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्यामुळे अडलं असतं तर नोकरी राहिली नसती. मंजिरीताई वैतागल्या. काहून मशीनशी भांडून राहिला, पाच म्हणते तर पाच लिही, म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, या धंद्यात सगळे हेच करतात. चूक सापडली नाही की बरोबर उत्तरच बदलून मोकळे होतात. मीही चारचे पाच केले. हिरवं झालं. लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
काकूंनी आज पाच ताटं मांडली. कोणी पाहुणे येणार का, विचारलं तर हसल्या. आपण पाचच तर आहोत, म्हणाल्या. काकांनी मान डोलावली. ज्ञानदा म्हणाली, भैया, आप भी ना!

माझ्या शेजारच्या ताटाशी कोणी नव्हतं. काकू मात्र तिकडे बघून आग्रह करत होत्या, घे ना अजून. जेवणं उरकली तेव्हा त्या ताटात भाताचं शीतही उरलं नव्हतं. थट्टा असेल तर अगदी वाईट थट्टा आहे. मला भीती वाटते आहे, आणि त्याचाच राग येतोय.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ
माझी घाण मीच निस्तरतो. पाचचे पुन्हा चार केले. कोडला हात लावला नाही, म्हणजे लाल यायला हवं होतं. हिरवं आलं! का ते विचारत बसणार नाही. गेलं एकदाचं. संध्याकाळी गोल बाजारातून काकूंना काहीतरी आणतो.

दुपार
चारच ताटं. हायसं वाटलं. बसलो. माझ्यापुढे ताट नाही. शेजारी आहे.
काकूंना हाक मारली. दोनदा. तिघंही जेवत राहिली —
फोटो उघडला. चार चौकोन. काका, काकू, ज्ञानदा, आणि ती रिकामी चटई. माझ्याभोवती काही नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
परत पाच करायचे, बस. पण मशीन मला आत घेत नाही. म्हणतं, शिशिर आधीच आत आहे.
पंडरीला गेलो. माझी खुर्ची रिकामी, आणि मंजिरीताई तिच्याशीच बोलत होत्या. मस्त काम करून राहिला शिशिर, म्हणाल्या. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा. ओरडलो. त्यांच्या तोंडावर ओरडलो —

मंगळवार, ११ नोव्हेंबर
चार ताटं. आज मी आधीच येऊन माझ्या जागेवर बसलोय. हलणार नाही. इथंच लिहितोय.
काकूंची हाक — शिशिर, ये ना, भात थंडा होऊन राहिला.
मी ओ दिली. मोठ्यानं दिली. काकूंनी मान वळवली, माझ्याकडे — नाही, शेजारी.
तिथूनही ओ आली. माझ्याच आवाजात.
चटई दबली. तो सरकतोय. माझ्या जागेव—